घरं चार, घड्याळ एकच

'द सिम्स ४'मध्ये एक घर मार्गी लागलं की दुसरं मांडायची हौस येतेच. शेजारच्या लॉटवर नवं जोडपं, मग मुलीचं वेगळं बिऱ्हाड, त्यात कुणीतरी दहा पिढ्यांच्या लेगसी चॅलेंजची गोडी लावतं. आणि एक दिवस जुन्या घरात डोकवावं तर नायिका म्हातारी झालेली, नवऱ्याने नोकरी बदललेली. हे टाळायचं असेल तर घरं वाढवण्याआधी वेळेचा हिशेब ठरवा.

'सिम्स २'मध्ये ज्या घरात तुम्ही खेळत असाल, तिथेच दिवस सरत. 'सिम्स ४'मध्ये एका सेव्हमधल्या सगळ्या जगाला एकच घड्याळ आहे. घर बदललं तरी तारीख पुढेच सरकते. म्हणून पहिलं काम गेम ऑप्शन्समधल्या गेमप्ले विभागात. आपल्या सिम्सचं वय आपोआप वाढावं का, याला तिथे तीन उत्तरं आहेत: हो, नाही आणि फक्त चालू घराचं. घरं अनेक असतील तर तिसरं निवडा. न खेळलेल्या सिम्सची वयवाढ मी बंदच ठेवायला सांगेन. चार घरं आळीपाळीने खेळलात तर प्रत्येक घर एक दिवस मोठं होईपर्यंत बाकीचं गाव चार दिवस मोठं होतं, आणि बालमैत्रिणीच्या वयाचा मेळच राहत नाही. अशा मैत्रिणीचं घर अधूनमधून उघडून वाढदिवसाचा केक कापला की काम भागतं.

दुसरी पायरी नेबरहुड स्टोरीजची. तुम्ही दुसऱ्या घरात असताना शेजाऱ्यांना नोकऱ्या, मुलं, नवी घरं देण्याचं काम ही सोय करते. मॅनेज हाउसहोल्ड्समध्ये जाऊन प्रत्येक घरासाठी तिची निवड वेगवेगळी करता येते. ज्या घरांची गोष्ट तुम्हाला स्वतः लिहायची आहे, तिथे सगळं बंद आहे ना, हे एकेक उघडून पाहा. बाकीच्या गावात मात्र ती खुशाल चालू द्या. नाहीतर तुम्ही घर सोडलंत की गाव जिथल्या तिथे थिजून राहतं.

आता फेरी. एका घराला सात दिवस द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. तेवढ्यात कामाचा आठवडा आणि सुट्टीचे दिवस दोन्ही येतात, आणि घराची ओढ टिकते. पण सीझन्स पॅक असेल तर एक मेख आहे. ऋतू सात दिवसांचा ठेवून चार घरं सात-सात दिवस खेळलात, तर अठ्ठावीस दिवसांचं वर्ष एका फेरीतच संपतं. म्हणजे पहिल्या घराला कायम उन्हाळा आणि तिसऱ्याला कायम हिवाळा. ऋतू अठ्ठावीस दिवसांचा करा. मग एक फेरी म्हणजे एक ऋतू, आणि चार फेऱ्यांत प्रत्येक घर सगळे ऋतू पाहतं. घर सोडताना गरोदर कोण, परीक्षा वा बढती कुठवर आली, पुढचं ठरलेलं काय, हे वहीत दोन ओळींत लिहा. बाळंतपण जवळ आलं असेल तर ते उरकूनच निघा.

चॅलेंज एका सेव्हमध्ये किती घ्यायची? आयुर्मान आणि वयवाढीची निवड सेव्हभर लागू होते, म्हणून नियम जुळत असतील तितकीच. लेगसीची सुरुवात १,८०० सिमोलियनवर होते, पण खेळ नव्या एकट्या सिमला २०,००० देतो. पैशांच्या चीटने रक्कम खाली आणता येते आणि गावातल्या दुसऱ्या घराला त्याचा धक्का लागत नाही. रॅग्ज टू रिचेसही असंच शेजारी बसतं. शंभर बाळांचं चॅलेंज मात्र वेगळ्या सेव्हमध्येच मांडा. मोठी झालेली मुलं घराबाहेर पडत राहतात, गावाची लोकसंख्या फुगते आणि ठरवलेल्या मर्यादेपुढे गेली की खेळ बेघर, न खेळलेल्या सिम्सना आपोआप काढून टाकतो. त्यात तुमच्या लेगसीतला एखादा दूरचा नातेवाईक जायला नको. एका वेळी दोन चॅलेंज पुरेत. त्यापुढे एक ना धड भाराभर चिंध्या होतात.

घर बदलण्याआधी सेव्ह करा, आणि प्रत्येक फेरीअखेर 'सेव्ह ॲज' करून नवी प्रत ठेवा. डॉक्युमेंट्समधल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स फोल्डरात सिम्स ४ आणि त्यात सेव्हज सापडेल. तो फोल्डर अधूनमधून पेन ड्राइव्हवर उतरवा. मॉड वापरत असाल तर खेळाचा नवा पॅच आल्यावर मॉडही अद्ययावत झाले आहेत याची खात्री करूनच जुना सेव्ह उघडा.

एखाद्या घराचा कंटाळा आला तर ते लायब्ररीत ठेवून गावातून हटवायचा मोह होतो. लायब्ररीत घरातल्या घरातली नाती टिकतात, पण दुसऱ्या घरांशी असलेली तुटतात: लग्न होऊन गेलेली लेक, पलीकडच्या गल्लीतला सख्खा भाऊ, सगळे परके होतात. त्यापेक्षा त्या कुटुंबाला गावातच राहू द्या, त्याच्या नेबरहुड स्टोरीज चालू करा आणि फेरीतून त्याचं नाव खोडा.