ट्रॅकवरच्या गाडीचा ऑइल फिल्टर : चहाच्या गाळणीवरून समजून घेऊ

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी अभियांत्रिकीची मुलं स्वतः बांधलेली गाडी घेऊन जातात. महाराष्ट्रातले संघही त्यात असतात. घरात किंवा वर्गात असं एखादं पोर असेल, तर "ऑइल फिल्टर कोणता घेऊ?" हा प्रश्न कधीतरी येणारच.

चहाची गाळणी डोळ्यांसमोर आणा. जाळी फार बारीक असली की चोथा अडकतो, पण चहा सावकाश उतरतो. घाईने ओतलात तर काठावरून सगळं थेट कपात! फिल्टरमध्येही असा 'काठ' मुद्दाम ठेवलेला असतो, तो म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर तुंबला किंवा थंड, घट्ट तेल जोराने आलं की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. का? तर मळकं तेल इंजिन थोडा वेळ सोसतं, पण तेलच मिळालं नाही तर बेअरिंग काही सेकंदांत खराब होऊ शकतात.

ट्रॅकवर आरपीएम सतत चढलेला असतो, पंप जास्त तेल ढकलतो. त्यामुळे "जितका बारीक तितका चांगला" हे गणित इथे चालत नाही. भरपूर तेल सोडूनही नीट गाळणारा, कृत्रिम तंतूंचा फिल्टर साध्या कागदीपेक्षा महाग पडतो, पण माझ्या मते इथे पैसे वाचवू नयेत. तेल परत खाली उतरू न देणारा आतला रबरी पडदा सिलिकॉनचा असेल तर उष्णतेत लवकर कडक होत नाही. आणि आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही. व्हॉल्व्ह उघडण्याचा दाब वेगळा असू शकतो, तो इंजिनाच्या माहितीपुस्तिकेशी ताडून बघायलाच हवा.

नवा फिल्टर बसवताना जुन्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघायला सांगा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की दाबाखाली तेल बाहेर फेकलं जातं. ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते, आणि ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारं दुसऱ्या कुणाचं तरी पोर घसरतं.

लांब वळणावर तेल ऑइल पॅनच्या एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो. याला मात्र कुठलाच फिल्टर उपाय नाही, तिथे पॅनमध्ये आडोसेच हवेत.

वापरलेला फिल्टर फेकू नका, वर्गात आणा. डबा फिल्टर कटरने उघडा. हॅकसॉने नको, त्याचाच चुरा आत पडतो. घड्या उलगडून चुंबक फिरवा. लोखंडाचे कण चिकटतील. तांब्याचे, ॲल्युमिनियमचे चिकटणार नाहीत, ते उजेडात धरून डोळ्यांनीच शोधायचे. चमचमते कण बरेच दिसले, तर इंजिन उघडून पाहिल्याशिवाय गाडी पुन्हा ट्रॅकवर न्यायची नाही.