राउटरचा दोष कसा ओळखावा?

पाटाचें पाणी शेतांत आलें नाहीं, तर जाणता बागाइतदार एकदम धरणाकडे धांवत नाहीं. तो प्रथम आपलें दारें पाहतो, नंतर चारी पाहतो, आणि मग पाटकऱ्यास विचारतो. इंटरनेट बंद पडलें असतां हाच क्रम श्रेयस्कर होय. राउटरची वीज बंद करून अर्ध्या मिनिटानें पुन्हा चालू करण्यास हरकत नाहीं. परंतु पुष्कळजण त्याच्या मागील बारीक भोकांत टांचणी खुपसतात. त्यायोगें कंपनीनें भरलेलें नांव व परवलीचा शब्द हीं पुसलीं जातात, आणि ऐन बाजारभाव पाहण्याच्या किंवा सातबारा काढण्याच्या दिवशीं खोळंबा होतो. म्हणून पुढील चार परीक्षा क्रमानें कराव्या, असें आम्ही सुचवितों.

१. दिवे : काचतंतूची जोडणी असल्यास 'एलओएस' हा दिवा लाल आहे काय, तें पाहावें. लाल असल्यास प्रकाश घरापर्यंत पोंचत नाहीं; तंतु वांकला किंवा तुटला असावा. तेथें घरच्या फेरफारांनीं गुण येत नाहीं, कंपनीस कळवावें.

२. घरांतील मार्ग : विंडोजच्या हुकमांच्या चौकटींत 'आयपीकॉन्फिग' हा हुकूम इंग्रजी अक्षरांत द्यावा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाहीं असें समजावें. 'डिफॉल्ट गेटवे' पुढें राउटरचा पत्ता असतो. तो पुष्कळदां १९२.१६८.१.१ असतो. त्यास 'पिंग' करावें. उत्तर न आल्यास वायफाय सोडून केबल लावून पाहावी.

३. बाहेरील मार्ग : आतां ८.८.८.८ व १.१.१.१ या अंकांस पिंग करावें. राउटर उत्तर देतो, पण हे दोन्ही देत नाहींत, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या मार्गांत असतो.

४. नांवें : अंकांस उत्तर येतें, परंतु नांव घातलें असतां पान उघडत नाहीं, असेंही घडतें. संगणक एकमेकांस अंकांनीं गांठतात. नांवावरून अंक सांगणारी 'डीएनएस' ही पद्धति पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं रचली. 'एनएसलुकअप' पुढें स्थळाचें नांव लिहून विचारावें. मग त्याच नांवानंतर ८.८.८.८ लिहून पुन्हा विचारावें. दुसऱ्या वेळींच उत्तर आलें, तर संगणक एरवीं ज्यास विचारतो तो डीएनएस बिघडला आहे. राउटरच्या पानावरील जुने डीएनएस अंक वहींत टिपून त्यांच्या जागीं ८.८.८.८ व १.१.१.१ भरावे, आणि 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' या हुकमानें सांठलेलीं उत्तरें पुसावीं. इतर नांवें मिळून एकच कोठेंही मिळत नसेल, तर तें नांव बरोबर लिहिलें आहे ना, तें पाहावें; बरोबर असल्यास दोष त्या स्थळाचा समजावा.

प्रत्येक परीक्षेचा निकाल वेळेसह लिहून ठेवावा. 'नेट चालत नाहीं' एवढेंच सांगण्यापेक्षां मार्ग कोठें तुटला तें सांगणाऱ्या ग्राहकाचें काम लवकर होतें.