परसातले फळ पानात का नाही?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मालवणजवळच्या एका वाडीतून एक बाई दवाखान्यात आल्या. वय चाळीस-बेचाळीस. घाटी चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय गळून जातात, कामात लक्ष लागत नाही, अशी तक्रार. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबीन ८ ग्रॅम.

"डॉक्टरानू, ताकदीची बाटली तेवढी लिवन देवा," असे म्हणत त्यांनी पिशवीतून दोन पेरू काढून माझ्या टेबलावर ठेवले. घरचेच होते. मी विचारले, "तुम्ही खाता की नाही?" त्या हसल्या. "आमी काय आता पोरां आसव पेरू खावक? झाडाखाली पडान कुसतत."

त्याच पिशवीत सफरचंदेही होती. सासूबाई आजारी, म्हणून त्यांच्यासाठी बाजारातून घेतलेली. म्हणजे आजाऱ्याला विकतचे सफरचंद, डॉक्टरला घरचा पेरू आणि स्वतःला काहीच नाही!

वाचकहो, ही एका घरची गोष्ट नाही. आपला हापूस पेटीत बसून वाशीला जातो, घरात उरतो तो डागी आंबा. काजूची बी काढून घेतली की बोंड झाडाखालीच राहते. गणपतीत आपण माटवीला चिबूड, तोरिंजन, निरफणस, केळीचा घड हौसेने बांधतो. पण देवाच्या डोक्यावर जे टांगतो, ते एरवी आपल्या पानात दिसत नाही. फळ म्हणजे लहान मुलांचा खाऊ किंवा आजाऱ्याचे खाणे, अशी आपली समजूत झाली आहे.

पेरूचा आणि रक्ताचा संबंध

१०० ग्रॅम पेरूमध्ये साधारण २०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. तेवढ्याच सफरचंदात ते जेमतेम ५ मिलिग्रॅम असते. पेरूतला चोथाही सफरचंदाच्या दुपटीहून अधिक. सफरचंद वाईट आहे असे नव्हे. पण परसात पेरू असताना त्याच्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, लाल माठाची भाजी यांत लोह असते, परंतु ते अंगी लागायला कठीण. जेवणासोबत 'क' जीवनसत्त्व पोटात गेले, तर हे लोह पुष्कळ अधिक शोषले जाते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते कमी शोषले जाते. म्हणून पिठीवर लिंबू पिळावे, जेवणानंतर पेरूची फोड खावी आणि चहा तासाभराने घ्यावा. खर्च काहीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यामुळे ही बाब क्षुल्लक समजू नये.

समुद्राने शिकवलेला धडा

फळावाचून माणसाचे काय होते, हे दर्यावर्दी लोकांना फार पूर्वी कळले. ऑक्टोबर १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजे कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाली. वाऱ्याने साथ दिली नाही आणि आफ्रिकेचा किनारा गाठायला सुमारे तीन महिने लागले. ताजे फळ नाही, भाजी नाही. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, पाय सुजले आणि सुमारे ३० जण दगावले. पुढे १७४७ मध्ये ब्रिटिश आरमारातील डॉक्टर जेम्स लिंड यांनी याच रोगाच्या १२ खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे दिली, ते सर्वांच्या आधी सुधारले. गंमत अशी की, पेरू, पपई, अननस, काजू ही मूळची अमेरिका खंडातली झाडे पोर्तुगिजांच्या काळात समुद्रमार्गेच आपल्याकडे आली.

तो रोग आज मला क्वचितच दिसतो. दिसतात ते बद्धकोष्ठ, मूळव्याध, रक्तक्षय आणि वाढलेला रक्तदाब. पहिल्या दोहोंवर फळातला चोथा उपयोगी पडतो. रक्तदाबाचे म्हणाल, तर सुके मासे, खारवलेला बांगडा, लोणचे यांतून आपल्या पोटात मीठ भरपूर जाते. फळात मीठ जवळजवळ नसते आणि पोटॅशियम चांगले असते. रक्तदाब आटोक्यात ठेवायला त्याची मदत होते.

किती आणि केव्हा?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूत्रांत प्रौढ माणसासाठी रोज १०० ग्रॅम फळे आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. १०० ग्रॅम म्हणजे एक मध्यम पेरू, किंवा एक केळे, किंवा वाटीभर पपई. एवढे तरी रोज खावेच; थोडे अधिक खाल्ले तर चांगलेच.

आपल्याकडे यासाठी बाजार गाठावा लागत नाही. केळी आणि पपई बारमाही. फाल्गुन-चैत्रात काजूची बोंडे. घसा धरत असेल तर फोडी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवाव्यात. मग आंबा, फणस, करवंदे, जांभळे. पावसात अननस आणि पेरू, गणपतीच्या सुमारास चिबूड, थंडीत आवळा. फळ धुऊन, चावून खावे. रस काढला की चोथा जातो आणि साखर पटकन अंगात शिरते. कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी यांत साखर असते, त्यांना फळात मोजू नये. आगळात मीठ असते, म्हणून रक्तदाबाच्या रोग्यांनी सोलकढीही बेतानेच घ्यावी.

काही समजुती

पेरूने सर्दी होते, असे पुष्कळजण सांगतात. सर्दी विषाणूंनी होते, पेरूने नव्हे. गरोदर बाईने कच्ची, चीक असलेली पपई टाळावी, हे योग्यच. परंतु म्हणून घरातल्या इतरांनी पिकलेली पपई टाळायचे काय कारण?

मधुमेही रोग्यांत मला दोन टोके दिसतात. काहीजण फळाला अजिबात शिवत नाहीत, तर काहीजण "वर्षातून एकदाच येतो" म्हणून एका बैठकीला चार हापूस संपवतात. दोन्ही चूक. साखर आटोक्यात असेल तर आंब्याच्या दोन-तीन फोडी खाव्यात, पण त्या दिवशी भात तेवढा कमी करावा. आमरस नको. दोन तासांनी साखर तपासून पाहावी, म्हणजे आपल्याला काय सोसते ते कळते. आणि जांभळे खातो म्हणून मधुमेहाची गोळी बंद करू नये. जांभूळ हे फळ आहे, औषध नव्हे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र कोणते फळ किती खावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे; त्यांच्या शरीरात पोटॅशियम साठून हृदयाला धोका होतो. शहाळ्याच्या पाण्यालाही हेच लागू. पाच कंगोऱ्यांचे आंबट करमळ तर अशा रोग्यांनी तोंडातही घालू नये. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना त्याने बेशुद्धी आणि झटके येऊन मृत्यूही ओढवू शकतो.

आता त्या बाईंविषयी. ताकदीच्या बाटल्या मीही अनेक वर्षे लिहून दिल्या आहेत. रोग्याला बरे वाटते आणि डॉक्टरलाही सोपे जाते. या खेपेस दिली नाही. पाळीत रक्त जास्त जात होते, त्यावर उपचार केले. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रोज जेवणानंतर एक पेरू, चहा तासाभराने, असे चिठ्ठीवरच लिहिले. चिठ्ठीवर लिहिलेले लोक पाळतात, असा माझा अनुभव आहे.

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा हिमोग्लोबीन ११ झाले होते. मोठे श्रेय उपचारांचे आणि गोळ्यांचे, हे मान्य केले पाहिजे. नुसत्या फळाने एवढे रक्त भरत नाही. पण भरलेले रक्त टिकवायचे तर पानातले जेवणच सुधारावे लागते. जाताना त्यांनी पिशवीत हात घातला आणि टेबलावर पेरू ठेवला. या वेळी एकच.

"दुसरो वाटेत खाल्लंय," त्या म्हणाल्या.