जोराचा ब्रेक आणि गाडीचा पुढचा ॲक्सल : एक पडताळणी

“ब्रेक एकदम जोरात दाबू नका, पुढचा ॲक्सल जाईल, चॅसिस वाकेल,” असा सल्ला आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेला असतो. एखादी गोष्ट केवळ ऐकीव आहे किंवा परंपरेने चालत आली आहे म्हणून ती मान्य करू नये, असे तथागतांनी कालामांना सांगितले. धम्माला ‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि पाहा’, असे म्हणतात. त्याच दृष्टीने आपण हा सल्ला तपासून पाहू.

बस अचानक थांबली की आपण पुढे झुकतो. गाडीचा भारही तसाच पुढे सरकतो. समजा, गाडीचे वजन १००० किलो आहे. उभी असताना तिच्या पुढच्या चाकांवर ६०० व मागच्यांवर ४०० किलो भार आहे. दोन्ही ॲक्सलमधील अंतर २.५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरू. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर टायरची पकड साधारणपणे भाराच्या ०.८ पट असते. पूर्ण ब्रेक लावताच १६० किलो भार पुढे सरकतो. पुढे ७६० व मागे केवळ २४० किलो उरतो. म्हणून गाडी थांबविण्याचे तीन चतुर्थांश काम पुढची चाके करतात. प्रत्येक पुढच्या चाकाला रस्ता सुमारे ३०० किलोइतक्या जोराने मागे ढकलतो.

हा जोर पुढे कोठे जातो? चाक खाली लोअर आर्मला आणि वर शॉक ॲब्सॉर्बरच्या माथ्याला जोडलेले असते. हे जोड जमिनीपासून अनुक्रमे २० व ८० सेंटिमीटर उंचीवर असतील, तर तरफेच्या नियमाने खालच्या जोडावर ४०० किलोइतका जोर मागच्या दिशेने येतो आणि वरच्या जोडावर १०० किलोइतका पुढच्या दिशेने. तेथून तो सबफ्रेममार्गे गाडीच्या सांगाड्यात उतरतो.

येथेच महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. पाय कितीही जोराने दाबला तरी टायरच्या पकडीपलीकडे ब्रेकचा जोर वाढत नाही. चाक घसरू लागते, अथवा एबीएस ब्रेक सैल करते. ही कमाल मर्यादा अभियंत्याला आधीच ठाऊक असते व तो भाग त्याहून मजबूत घडवतो. खड्ड्याच्या धक्क्याला मात्र अशी मर्यादा नसते.

प्रत्यक्ष चाचणीत आर्मवर व सबफ्रेमवर स्ट्रेन गेज चिकटवतात. धातू ताणला की गेजमधील बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो. मीटरभर पोलाद अर्धा मिलिमीटर ताणले गेले, तर त्यातील ताण प्रति चौरस मिलिमीटर सुमारे १०० न्यूटन असतो. साधे पोलाद सुमारे २५० न्यूटनला कायमचे वाकू लागते. बंद चाचणीमार्गावर तोच वेग आणि तेच वजन राखून आधी हलका, मग पूर्ण ब्रेक लावतात. शेवटी गाडी उभी करून पाहतात की मापन पुन्हा शून्यावर आले का. आले, तर धातू कायमचा वाकलेला नाही. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या चाचण्या करते. तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांनी तिचे कार्य जाणून घ्यावे.

तथापि एका ब्रेकने न मोडणारा धातू वारंवारच्या ताणाने थकतो. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या ॲक्सलवर दीर्घकाळ प्रयोग करून धातूच्या या थकव्याचे नियम शोधले.

तेव्हा ऐकीव सल्ल्यातील सत्य एवढेच : निकोप गाडीला जोराचा ब्रेक मोडत नाही; गंजलेली सबफ्रेम, फाटलेले बुश व सैल बॉल जॉइंट यांना तो धोक्याचा ठरतो. गाडी वेळोवेळी तपासून घ्यावी. आणि समोर अचानक मूल आले, तर ॲक्सलच्या भीतीने पाय क्षणभरही अडखळू देऊ नये. ब्रेक पूर्ण दाबावा.