धूर पेल्याबाहेरच बरा

न्यू जर्सीत ऑक्टोबर उजाडला की आमच्या मराठी घरांत दोन याद्या एकदम सुरू होतात. एक भाजणी, पोहे, सुकं खोबरं यांची; दुसरी भोपळे, कोळ्याची जाळी आणि प्लास्टिकचे सांगाडे यांची. 2024 साली तर हॅलोविन ऐन दिवाळीत आला आणि कित्येक दारांत पणत्यांच्या शेजारी कवट्या बसल्या. पोरं दारोदार फिरून पिशवीभर चॉकलेटं घेऊन परतली की मोठ्यांची पार्टी खाली बेसमेंटमध्ये रंगते. तिथे हल्ली नुसत्या बिअर-वाइनवर भागत नाही. काहीतरी भुताटकीचं लागतं. लाल, काळं, निळं आणि शक्यतो धूर सोडणारं.

अशाच एका पार्टीत मी पाहुणी होते. टेबलाच्या मधोमध पंचचं मोठं काचेचं भांडं होतं आणि त्यात थेट ड्राय आइसचे खडे टाकलेले. भांड्याच्या काठावरून पांढरे लोट ओघळून जमिनीवर पसरत होते. सगळ्यांचे फोन बाहेर आले, कौतुक झालं, मग डाव घालून लाल प्लास्टिकच्या कपांत पंच वाढणं सुरू झालं. ते कप अपारदर्शक, त्यातून दिवे मंद. ड्रॅक्युला झालेल्या एका गृहस्थांना पेयातला बर्फ कडाकडा चावायची सवय. "अहो, थांबा, तो साधा बर्फ नाहीये!" असं मी ओरडेपर्यंत खडा दाताखाली गेलाही होता. नशीब, त्यांनी तो लगेच थुंकला. जिभेचा शेंडा पांढराफटक पडला आणि खालच्या ओठावर टरटरून फोड आला. त्यांची ती दिवाळी चकल्यांकडे बघत, गार दहीभातावर गेली.

मी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे या गोष्टींकडे जरा संशयानेच बघते, हे मान्य. पण त्या रात्रीनंतर मला जो कोणी विचारतो त्याला मी एकच सांगते: भीती डोळ्यांना दाखवा, पेल्यात मात्र तेवढंच घाला, जे अंधारात न बघता गिळलं तरी चालेल.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंश सेल्सिअसचा. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. पेयात टाकला की जड असल्यामुळे तळाशी बसतो आणि त्याच्याभोवती साध्या बर्फाचं कवच धरतं. मग तो ओळखू येत नाही. गिळला गेला तर दोन बाजूंनी घात: स्पर्शाने आतली त्वचा गोठून भाजल्यासारखी होते आणि एका ग्रॅमच्या खड्यातून अर्ध्या लिटरहून जास्त वायू पोटात सुटतो. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखवास म्हणून ड्राय आइस दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. द्रवरूप नायट्रोजन त्याहून भयंकर, उणे 196 अंश. इंग्लंडमध्ये लँकेस्टरला 2012 च्या ऑक्टोबरमध्ये अठरा वर्षांच्या एका मुलीने तसलं कॉकटेल वाढदिवसाला घेतलं आणि डॉक्टरांना तिचं जठर काढावं लागलं. घरच्या पार्टीत त्याचं नावही काढू नये.

मग धूर नकोच का? हवा तर खुशाल करा, पण प्यायच्या भांड्याबाहेर. एक मोठं पसरट पातेलं घ्या, त्याच्या मधोमध पंचचं भांडं ठेवा. भोवतीच्या जागेत कोमट पाणी घालून चिमट्याने ड्राय आइसचे खडे सोडा. गंमत अशी की दिसणारा पांढरा धूर हा वायू नसतोच, ती थंडीने निवून धुकं झालेली पाण्याची वाफ असते. म्हणून गार पंचपेक्षा कोमट पाण्यात धूर कितीतरी दाट निघतो. म्हणजे सुरक्षित पद्धतच जास्त देखणी आहे, आणि तरीही लोक भांड्यातच का टाकतात, हे मला कळलेलं नाही. हातात जाड मोजे हवेत. उघड्या बोटांनी धरला तर कातडी सोलवटते. दुकानातून आणताना गाडीच्या काचा थोड्या खाली ठेवाव्यात. झाकण घट्ट लागणारी बाटली किंवा थर्मास यात तो भरू नये, वायूच्या दाबाने भांडं फुटतं.

आणि बेसमेंट. आपल्या पार्ट्या तिथेच होतात आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणजे तोही तिथेच साचणार. फेब्रुवारी 2020 मध्ये मॉस्कोत एका वाढदिवसाला धुराच्या हौसेने पंचवीस किलो ड्राय आइस बंदिस्त जागेतल्या पोहण्याच्या तलावात ओतला गेला आणि तिघांचा जीव गेला. आपण पंचवीस किलो आणत नाही, खरं आहे. तरी खिडकी उघडी हवी, पंखा चालू हवा, आणि जमिनीवर रांगणारं मूल किंवा कुत्रं त्या टेबलाखाली नको. कोणाचं डोकं दुखायला लागलं, धाप लागली, तर "दारू चढली असेल" म्हणून सोडून न देता त्याला आधी वर मोकळ्या हवेत न्यावं.

रंगांचं प्रकरण मात्र मजेचं आहे आणि तिथे आपलं स्वयंपाकघर अमेरिकेच्या दोन पावलं पुढे आहे. रक्तासाठी इथे लोक डाळिंबाचं ग्रेनेडिन वापरतात. बाटलीत बऱ्याचदा नुसती साखर आणि रंग. आपल्याकडे कोकम आहे. इथल्या ओक ट्री रोडवरच्या कुठल्याही भारतीय किराणा दुकानात मिळतं. फक्त लेबल नीट वाचा: अमृत कोकम गोड असतं, आगळ खारट. आगळ ओतलं तर कॉकटेलची सोलकढी होईल. माझं माप असं: पंधरा मिली लिंबाचा रस, तीस मिली अमृत कोकम, वर गार सोडा आणि हवी त्याला पंचेचाळीस मिली जिन किंवा पांढरी रम. आमच्याकडे याला 'हडळीचं रक्त' म्हणतात. 'मुंजा' नावाचं दुसरं पेय गोकर्णाच्या सुक्या फुलांचं. कपभर गरम पाण्यात पाच-सहा फुलं टाकली की गर्द निळा काढा होतो. गार करून त्यात जिन घाला आणि लिंबू पाहुण्यासमोर पिळा. निळ्याचं जांभळं होताना पोरंटोरंही गोळा होतात. त्यात टॉनिक वॉटर आधी घालू नका, तेही आंबटच असतं, जादू स्वयंपाकघरातच संपेल.

टॉनिकचा खरा उपयोग वेगळा. त्यातलं क्विनिन जांभळ्या अतिनील दिव्याखाली निळसर चमकतं. टॉनिकचेच बर्फाचे खडे करून ठेवले तर पेला आतून पेटल्यासारखा दिसतो. ज्यांना डॉक्टरांनी क्विनिन वर्ज्य केलंय त्यांना मात्र आधी सांगावं. चमकणाऱ्या प्लास्टिकच्या कांड्या पेल्यात बुडवू नयेत. बटन सेलवर चालणारे दिव्याचे खडे तर लहान मुलं असलेल्या घरात आणूच नयेत. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो.

काळ्या रंगासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोल घालायची फॅशन मध्यंतरी फार होती. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने 2018 मध्ये हॉटेलांत ती बंद पाडली. हा कोळसा विषबाधेच्या रुग्णाला देतात तो औषध शोषून घेतो म्हणून. मग तो तुमच्या पाहुण्याची झटक्यांवरची किंवा गर्भनिरोधक गोळीही शोषू शकतो. पार्टीत कोण काय गोळ्या घेऊन आलंय हे यजमानाला कसं कळणार? काळं हवं तर ग्लास काळा घ्या.

सजावटीलाही तोच नियम. लिचीत ब्लूबेरी खोचून केलेले डोळे सुंदर दिसतात, ते चावून खाता येतात. टूथपिक, प्लास्टिकचा कोळी, खोटं नख, यातलं काहीही पेल्यात नको. पंचमध्ये तरंगणारा बर्फाचा पंजा मात्र हमखास करावा: पावडर नसलेला नवा हातमोजा आतून-बाहेरून धुऊन, त्यात कोकमाचं पाणी भरून, गाठ मारून रात्रभर फ्रीझरमध्ये, आणि पंचमध्ये सोडण्याआधी मोजा सोलून काढावा. मोठा तुकडा हळू विरघळतो, पंच पचपचीत होत नाही.

आता दारूचं. माझ्याकडे पंचच्या भांड्यात दारू नसतेच. बाटली बाजूला, तिच्याजवळ मापाचं भांडं, ज्याची त्याने मोजून घालावी. डाव घालून वाढलेल्या गोड पंचात किती पेग गेले हे पिणाऱ्याला कळत नाही, आणि खालून वर पळणारी पोरंही तेच भांडं हेरतात. हॉलिवूडमध्ये 1934 साली 'झॉम्बी' हे कॉकटेल काढणारा डॉन बीच स्वतःच्याच गिऱ्हाइकाला दोनाच्या वर देत नसे. धंदा करणारा माणूस हात आखडतो, आणि आपण? "अहो, माझ्या हातचं एक तरी घ्याच!" पुरणपोळीचा आग्रह ठीक आहे, दारूचा नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्येच ठरवलंय की उघड झिंगलेल्या पाहुण्याला यजमानाने आणखी पाजलं आणि तो गाडी घेऊन निघून कोणाला धडकला, तर यजमानही जबाबदार. म्हणून किल्ल्या दाराशी टोपलीत ठेवायला लावाव्यात आणि ज्याला जास्त झाली असेल त्याला मुक्कामाला थांबवावं.

फक्त त्याची गादी बेसमेंटमध्ये टाकू नका, कितीही सोयीचं असलं तरी. उरलेला ड्राय आइस रात्रभर तिथे वायू सोडत असतो. पातेलं उचलून अंगणात, मुलांच्या आणि कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर उघडं ठेवावं, सिंकमध्ये ओतू नये, पाइप तडकतात. आणि पाहुण्याला वरच्या खोलीत झोपवावं.