कधी घडले? संपले का?

रात्रीची जेवणे झाली. मुलगी दिव्याखाली पुस्तक घेऊन बसली होती. तिचे तोंड उतरले होते.

आई म्हणाली, "काय गं, काय झालं?"

"उद्या इंग्रजीची परीक्षा हाय. गाळलेल्या जागा भरायच्या. तीन शब्द देत्यात, त्यातला एक निवडायचा. माझा दर वेळी चुकतो."

"मला इंग्रजी येत न्हाई. पण तू वाच. अर्थ मराठीत सांग."

मुलीने वाचले, "यस्टरडे बाबा डॅश टु सांगली. गोज, वेंट, विल गो."

"यस्टरडे म्हंजी?"

"काल."

"मग काल बाबा हळद घेऊन सांगलीला गेले. पट्टी घेऊन परत आले. काम संपलं. 'गेले' याला काय म्हणत्यात?"

"वेंट."

"मग तेच लिही. पट्टी हातात आली की मी आधी तारीख बघते, मग आकडा. तूबी आधी वेळेचा शब्द बघ."

आईने मोठी गोष्ट सांगितली. क्रियापद म्हणजे काम सांगणारा शब्द. काम कधी घडते, हे क्रियापदाच्या रूपावरून कळते. त्यालाच काळ म्हणतात. आपण बोलताना काळ चुकत नाही. 'काल जाईन' असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही तसेच आहे.

यस्टरडे म्हणजे काल. तिथे वेंट, म्हणजे गेले.
एव्हरी डे म्हणजे रोज. तिथे गोज, म्हणजे जातात.
टुमॉरो म्हणजे उद्या. तिथे विल गो, म्हणजे जातील.

पण एका ठिकाणी मराठीची वाट आणि इंग्रजीची वाट वेगळी होते. मुलगी तिथेच अडली.

"आई, 'आत्या दहा वर्षं साताऱ्यात राहते.' मी 'लिव्ह्ज' लिहिलं. बाईंनी चूक दिली."

मराठीत 'राहते' बरोबर आहे. पण काम मागे सुरू झाले, आणि आजही चालू आहे. अशा वेळी इंग्रजीत 'हॅज लिव्ह्ड' लिहितात. नुसते 'लिव्ह्ड' लिहिले, तर आत्या दहा वर्षे राहिली आणि तिथून निघून गेली, असा अर्थ होतो. एका शब्दाने आत्याचे घर हलते!

आता आपल्या भागातले उदाहरण घेऊ. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साल दिले आहे. स्थापनेचे काम त्याच वेळी संपले. म्हणून 'फाउंडेड'. संस्थेचे मुख्य कार्यालय आज साताऱ्यात आहे. ही आजची गोष्ट. म्हणून 'इज'. संस्था 1919 पासून आजवर काम करीत आली आहे. मागे सुरू झाले, अजून चालू आहे. म्हणून 'हॅज वर्क्ड'. संस्था एकच, पण काळ तीन.

इथे दोन छोटे शब्द उपयोगी पडतात. 'सिन्स' म्हणजे केव्हापासून. त्याच्यापुढे सुरुवातीचे साल येते, जसे सिन्स 1919. 'फॉर' म्हणजे किती दिवस, किती वर्षे, जसे फॉर टेन इयर्स.

मुलीने राहिलेल्या जागा भरल्या. प्रत्येक जागेपाशी ती थांबली आणि मनाशी म्हणाली, "कधी घडलं? संपलं का?" मग पुस्तक मिटून म्हणाली, "आई, तुला इंग्रजी येत न्हाई म्हणालीस, आणि शिकवलंस की!"

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. म्हणून घरोघरी मुले असे प्रश्न विचारतात. 'मला येत नाही' म्हणून उठून जाऊ नका. जवळ बसा. अर्थ मराठीत विचारा. काळ आपल्याला ठाऊक आहे.

ध्यानात ठेवा
1. आधी वेळेचा शब्द शोधा.
2. काम संपले की चालू आहे, ते विचारा.
3. मगच क्रियापद निवडा.

अभ्यास
योग्य शब्द निवडा.
1. सातारा जिल्ह्यात 1959 साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. (बिगिन्स, बिगॅन)
2. आई रोज शेतात जाते. (गोज, वेंट)
3. मामा पाच वर्षे सांगलीत राहतो, अजून तिथेच आहे. (लिव्ह्ड, हॅज लिव्ह्ड)

उत्तरे: 1. बिगॅन. 2. गोज. 3. हॅज लिव्ह्ड.