बारा व्होल्टची अंगठी

भालकीत माझं इन्व्हर्टर-बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. उजव्या हाताच्या अनामिकेभोवती पांढरा वण आहे. गिऱ्हाईक विचारतं, "मशीनमध्ये सापडलं का हो बोट?" नाही. बारा व्होल्टनं भाजलं.

उन्हाळ्यात एका घरी 150 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या जोडत होतो. बारा व्होल्टचा करंट बसत नाही, म्हणून निवांत. पाना एका टर्मिनलवर होता आणि पान्याच्या अन् शेजारच्या टर्मिनलच्या मधे लग्नातली अंगठी सापडली. झटका शून्य. पण सोनं असं तापलं की हात मागं घेईपर्यंत कातडी गेली होती. तापलेली अंगठी झटकून टाकता येत नाही, ती बोटातच असते.

चूक वाचण्यातली होती. आयईसी 60950-1 हे सुरक्षेचं मानक, म्हणजे आपलं आयएस 13252, मी चाळलं होतं. साठ व्होल्ट डीसीच्या आत शॉकची भीती नाही, एवढं वाचून मिटलं. धोकादायक ऊर्जेची व्याख्या त्यात वेगळी आहे: 2 व्होल्ट किंवा जास्त दाबाला 240 व्होल्ट-अँपिअर मिनिटभर मिळू शकत असतील, किंवा 20 ज्यूल साठलेले असतील तर. दोन व्होल्ट म्हणजे आपल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा एकच सेल! बारा व्होल्टला 20 अँपिअर झाले की 240 भरले. अशी बॅटरी शॉर्ट झाली तर हजारावर अँपिअर सोडते.

इथं दोन घोटाळे होतात. ते मिनिट बॅटरीच्या ताकदीचं माप आहे, हात लावायची सवलत नव्हे. आणि 240 गुणिले 60 म्हणजे 14,400 ज्यूल. मग 20 ची अट कशाला? पहिली अट वाहत्या नळाची, दुसरी एकदम उपड्या होणाऱ्या घागरीची, म्हणजे कपॅसिटरची. 400 व्होल्टला भरलेल्या 470 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 38 ज्यूल असतात, मशीन बंद केल्यावरही. मीटरनं व्होल्ट पाहिल्याशिवाय त्याला बोट लावू नका.

बॅटरीचं काम असेल तर पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, नुसतं तोंड उघडं ठेवा. ज्या टर्मिनलवर काम नाही त्यावर रबरी टोपी हवी, आणि फ्यूज बॅटरीला खेटून.

दुकानात दारामागं खिळा ठोकलाय, अंगठी-घड्याळासाठी. बसवकल्याणहून शिकायला आलेला पोरगा कडं काढायला कुरकुरतो. त्याला मी बोट दाखवतो.